बॅटरी निर्दोष होती : १९९६ सालच्या मोटरहोममधल्या एका बिघाडाचा माग

सप्टेंबरअखेरची रात्र, दोनचा सुमार. कॅलिफोर्नियातल्या पूर्व सिएरा डोंगरांत, जून लेकजवळच्या कॅम्पग्राउंडवर, आमच्या मोटरहोममध्ये (मागे घर असलेल्या गाडीत) थंडीने जाग आली. समुद्रसपाटीपासून साडेसात हजार फुटांवर आम्ही होतो आणि गाडीतला थर्मामीटर सात अंश दाखवत होता. फर्नेसचा, म्हणजे गाडी उबदार ठेवणाऱ्या गॅसच्या हीटरचा, पंखा फिरत होता, पण जाळीतून येणारी हवा गारच होती. मधूनमधून आतून ठिणगीचा टक-टक आवाज यायचा, पुन्हा नुसता पंखा. फ्रीजच्या पट्टीवरचा दिवा विझलेला. स्वयंपाकाच्या ओट्यावरचा बल्ब लावला तर उजेड पिवळट, जुन्या कंदिलासारखा.

मी सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये मीटर लावला. १०.७ व्होल्ट.

बायको उठली होती. म्हणाली, "अरे, शेगडी पेटवून ठेवू का थोडा वेळ? चिऊचे पाय बर्फ झालेत." मी नको म्हटलं. बंद गाडीत गॅसची शेगडी ऊब म्हणून पेटती ठेवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला घरात बोलावणं, आणि झोपेत ते कळतसुद्धा नाही. जनरेटर लावावा तर रात्री दहा ते सकाळी सहा तिथे मनाई. मग आम्ही तिघं एकाच पलंगावर, सगळी पांघरुणं एकत्र करून, उजाडायची वाट पाहत पडून राहिलो.

सकाळी सगळं बंद करून बॅटरीच्या टोकांवर मोजलं, तर ११.९५. मी मनाशी पक्कं केलं की बॅटऱ्या गेल्या. त्या जेमतेम सहा महिन्यांच्या होत्या. त्यांच्या आधीची जोडी दीड वर्षात गेली होती. खाली उतरल्यावर एका वर्कशॉपला गाडी दाखवली. त्यांनी बॅटऱ्या, कन्व्हर्टर आणि फर्नेसचं सर्किट बोर्ड असं सगळं बदलायला सांगितलं. आकडा दोन हजार डॉलरच्या पुढे गेला. कशावर काय मोजलं, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण अमेरिकेत अशा जुन्या गाड्या घेणारी मराठी कुटुंबं मला आता बरीच भेटतात, आणि बहुतेकांच्या तोंडी हेच वाक्य असतं : "बॅटरीच टिकत नाही हो." आमच्या गाडीत बॅटरीचा काडीचा दोष नव्हता. तिचा बळी जात होता.

गाडी, आणि तिच्यातल्या दोन विजा

गाडी फोर्ड ई-३५० चासीवरची, २७ फुटी, साडेसात लिटरच्या व्ही-८ इंजिनाची. पुढे व्हॅनची केबिन, मागे घर. मी ती तिसऱ्या मालकाकडून घेतली. तिच्यात दोन वेगळ्या विजा आहेत, आणि हे डोक्यात स्पष्ट झाल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

एक १२ व्होल्टची, बॅटरीची. दिवे, पाण्याचा पंप, फर्नेसचा पंखा, गॅस गळतीची घंटा, सगळं तिच्यावर. फ्रीज गॅसवर चालत असला तरी त्याचा मेंदू १२ व्होल्टवरच असतो. साडेदहा-अकराच्या खाली गेलं की तो ज्योतीला परवानगी देत नाही. दुसरी वीज १२० व्होल्टची. ती बाहेरच्या खांबावरून किंवा जनरेटरवरून येते. एसी, मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले सॉकेट तिच्यावर चालतात. कन्व्हर्टर नावाची पेटी १२० चे १२ करते आणि बॅटरी चार्ज करते.

शिवाय बॅटऱ्याही दोन जातीच्या. इंजिनाची वेगळी, घराची वेगळी. आमच्या घराच्या बॅटऱ्या म्हणजे सहा-सहा व्होल्टच्या गोल्फ कार्टच्या दोन, सिरीजमध्ये जोडलेल्या, मिळून सुमारे २२० अँपिअर-तासांच्या. इंजिन चालू असताना एक सोलेनॉइड (विजेने ओढला जाणारा मोठा स्विच) या दोन्ही बाजू जोडतो, म्हणजे अल्टरनेटर दोघांनाही चार्ज करतो. इंजिन बंद झालं की तो सुटतो, म्हणजे रात्री दिवे जाळल्यामुळे सकाळी गाडी अडकत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. घराशेजारी अशा गाडीसाठी ३० अँपिअरचं सॉकेट बसवून घेणार असाल, तर ते १२० व्होल्टचं असतं हे इलेक्ट्रिशियनला लिहून द्या. इथल्या घरांत ३० अँपिअर म्हटलं की कपडे वाळवायच्या मशीनचं २४० व्होल्टचं सॉकेट डोळ्यांसमोर येतं, आणि सवयीने तसंच जोडलं जातं. गाडी लावली की क्षणात मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर, सगळं जळतं. प्लग खोचायच्या आधी मीटरने मोजायला एक मिनिटही लागत नाही.

मामा

माझे मामा तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला आले होते. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून आयुष्य गेलेलं. वर्कशॉपचा तो कागद मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बॅटरी काढून बाहेर चार्ज केली होतीस का?"

"नाही मामा, गाडीतच."

"मग ती खराब आहे हे कुणी ठरवलं?"

त्या शनिवारी आम्ही दोन्ही बॅटऱ्या उतरवल्या. एकेक तीस किलोच्या आसपास. गॅरेजमध्ये वेगळ्या चार्जरवर पूर्ण चार्ज केल्या, रात्रभर नुसत्या ठेवल्या. सकाळी जोडीवर १२.६८ व्होल्ट. मामांना तेवढ्याने समाधान नव्हतं. हायड्रोमीटर (बॅटरीतल्या अ‍ॅसिडची घनता मोजायचं साधन) आणायला लावला. सहाही सेलची घनता १.२७० ते १.२७५ च्या मध्ये, एकही सेल मागे नाही. "या पोरी ठणठणीत आहेत," मामा म्हणाले. "यांना जेवायला मिळत नाही एवढंच."

लोड न देता मोजलेल्या व्होल्टवर मामांचा विश्वास नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी एक दिवा तयार केला : गाडीचा जुना हॅलोजन हेडलाइट बल्ब, त्याच्या पिनांना झाळलेल्या दोन जाड वायरी, टोकांना चिमटे. साठ वॅटचा बल्ब, म्हणजे पाच अँपिअरचा लोड. मीटर आणि हा दिवा त्यांनी कायम जोडीने वापरले.

त्याचा उपयोग काय, हे त्यांनी मागच्या झोपायच्या खोलीत दाखवलं. तिथला दिवा कधी लागायचा, कधी नाही. दिवा काढून त्याच्या वायरींवर मीटर धरला तर १२.४, म्हणजे सगळं आलबेल. मग त्यांनी त्याच वायरींना हॅलोजन लावला. तो तांबूस, विझत्या निखाऱ्यासारखा पेटला, आणि मीटर ९.८ वर आला. वायरीचा माग घेत गेलो तर कपाटामागे एक निळा चिमटी-जोड सापडला. वायर न सोलता दाबून बसवायचे ते प्लास्टिकचे जोड. आतल्या तांब्याच्या तारांपैकी दोन-तीनच शाबूत होत्या. बाकीच्या हिरव्या पडून तुटल्या होत्या. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे एका तारेवरूनसुद्धा त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. काम करायचं म्हटलं की ती एक तार पुरत नाही.

तो जोड कापून नीट क्रिंप केला. मूळ बिघाड तो नव्हता. पण त्या रात्रीचा बिघाड कसा शोधायचा, ते इथे कळलं.

रंगांचा घोळ

काम सुरू करायच्या आधी बाहेरचा प्लग काढलेला, जनरेटर बंद, बॅटरीची ऋण वायर सोडलेली. हे आम्ही दर वेळी न चुकता केलं आणि ते किती गरजेचं होतं, हे कन्व्हर्टरची पेटी उघडल्यावर कळलं. मामांनी आत हात घालून काळी वायर धरली आणि म्हणाले, "ही न्यूट्रल." मी म्हटलं, "मामा, थांबा. इथे काळी म्हणजे फेज."

आपल्याकडे घरातल्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल, हे हाताला बसलेलं असतं. गाडीच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे अर्थ. अमेरिकेत १२० व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी ही जिवंत वायर आणि पांढरी न्यूट्रल. त्यात आमच्या गाडीच्या घराच्या बाजूला १२ व्होल्टचं ऋण पांढऱ्या वायरीवर, आणि काही ठिकाणी धन काळ्यावर. म्हणजे एकाच पेटीत, वीतभर अंतरावर, काळ्या रंगाची वायर एका बाजूला १२० व्होल्टची आणि दुसऱ्या बाजूला १२ ची. तीस वर्षांची सवय इथे जिवावर बेतू शकते. आम्ही त्या दिवशी पुढचं सगळं थांबवलं, रंगीत टेप आणल्या आणि १२ व्होल्टच्या प्रत्येक वायरीला लाल किंवा पिवळी पट्टी बांधली. १२० व्होल्टच्या कप्प्यावर झाकण पुन्हा लावून टाकलं. तिथे आम्हाला काही काम नव्हतं.

मामांची आणखी एक समजूत मोडावी लागली. बसमध्ये बॉडी लोखंडी, कुठेही अर्थ मिळतो. इथे घराचा सांगाडा लाकडाचा, वर फायबरचा पत्रा. बॉडीला अर्थ नाहीच. दिव्यादिव्यापासून पांढरी वायर पॅनेलपर्यंत, म्हणजे १२ व्होल्टच्या फ्यूजच्या पेटीपर्यंत, परत येते, पॅनेलमधून एक जाड वायर खाली लोखंडी चासीला, आणि बॅटरीचं ऋण टोकही पायरीजवळ त्याच चासीला. मधला रस्ता म्हणजे चासीची रेल, तिची लांब लोखंडी तुळई. मामांनी हे ऐकून कागदावर चित्र काढलं, दोन्ही बोल्टांभोवती गोल केला आणि पेन्सिल खाली ठेवली. "सगळ्या घराचा करंट या दोन बोल्टांतून परत येतो. सत्तावीस वर्षांचा गंज इथेच असणार."

मोजणी

पूर्ण चार्ज बॅटऱ्या परत बसवल्या. फर्नेसचा पंखा, पाण्याचा पंप आणि जुन्या धाटणीचे पाच बल्ब चालू केले. पंखा साडेसात अँपिअर, पंप साडेपाच, बल्ब मिळून सात : एकूण वीस. मामांनी मला बॅटरीपाशी बसवलं आणि स्वतः पॅनेलपाशी बसले.

बॅटरीच्या टोकांवर १२.४. पॅनेलमध्ये १०.९.

मधल्या काही फुटांत दीड व्होल्ट गायब. वीस अँपिअरला दीड व्होल्ट म्हणजे तीस वॅट. छोटा सोल्डरिंग आयर्न तेवढाच असतो. गाडीखाली कुठेतरी एक सोल्डरिंग आयर्न तापत होता आणि आम्ही थंडीत कुडकुडत होतो.

आता तो दीड व्होल्ट कुठे आहे, ते शोधायचं. यासाठी मीटरची एक काडी बॅटरीच्या टोकावर आणि दुसरी त्याच बाजूच्या पुढच्या ठिकाणी धरायची, लोड चालू ठेवून. वाटेत अडथळा नसेल तर मीटर शून्याजवळ राहतो. लांब वायर जोडून आम्ही आधी धन बाजू मोजली : बॅटरीच्या धन टोकापासून पॅनेलच्या धन पट्टीपर्यंत ०.३५. थोडं जास्त, पण गुन्हेगार हा नाही. मग ऋण टोकापासून पॅनेलच्या ऋण पट्टीपर्यंत. १.१५.

लोक नेहमी धन बाजूच तपासतात. फ्यूज तिथे असतात, स्विच तिथे असतात, लाल वायर डोळ्यांत भरते. परतीच्या वाटेकडे कुणी बघत नाही.

मग मी गाडीखाली पाठीवर झोपलो आणि मामा वरून आकडे लिहीत गेले. बॅटरीच्या टोकापासून वायरीच्या लगपर्यंत (बोल्टाखाली बसणाऱ्या धातूच्या कडीपर्यंत) ०.०२. लगपासून चासीच्या कानशीने घासलेल्या उघड्या लोखंडापर्यंत ०.८३. रेलच्या लांबीत ०.०२. पुढच्या बोल्टपाशी, चासीपासून पॅनेलच्या वायरीच्या लगपर्यंत ०.२५. वरच्या वायरीत ०.०३.

०.८३. माझ्या नाकापासून फूटभरावर तो बोल्ट होता. वरून काळा रंग मारलेला, त्यामुळे नवाकोरा दिसत होता. बहुधा कुणीतरी कधीतरी गंज झाकायला सगळी चासी फवारली असावी. पाना लावला तर अर्ध्या आट्यातच सैल झाला. लग बाहेर आला तेव्हा त्याच्या मागच्या बाजूवर पांढरट-हिरवी पूड होती, बोटाने चोळली की पडणारी, आणि चासीवर त्याच आकाराची तांबूस चकती. मधल्या दात्यांच्या वॉशरचे दात गंजून गुळगुळीत झाले होते. सबंध जोडावर तांब्याचा लखलखीत ठिपका मुगाच्या दाण्याएवढाही नव्हता. एवढ्यावर फर्नेस, पंप, दिवे, फ्रीज आणि चार्जिंग असं सगळं चाललं होतं.

सगळी लक्षणं एका ओळीत

इथून मागे पाहिलं की त्या रात्रीच्या एकेक गोष्टीचा उलगडा होतो, आणि मला यातच सगळ्यात जास्त समाधान मिळालं.

फर्नेसमध्ये एक पातळ पत्रा असतो, सेल स्विच. पंख्याच्या वाऱ्याने तो ढकलला गेला तरच गॅसचा वॉल्व्ह उघडतो. पंखा मंद असेल तर गॅस सोडायचाच नाही, ही सुरक्षेची सोय. १०.७ व्होल्टला पंखा फिरतो, पण रेंगाळत. त्यात साडेसात हजार फुटांवरची हवा समुद्रसपाटीपेक्षा पाचव्या हिश्शाने विरळ. पत्र्यावरचा जोर दोन्ही बाजूंनी कमी झाला. म्हणून हीच गाडी फ्रीमाँटला अंगणात फर्नेस पेटवून दाखवायची आणि डोंगरात हटून बसायची. सर्किट बोर्ड बदलून यातलं काहीही सुधारलं नसतं.

चार्जिंगही त्याच बोल्टातून. कन्व्हर्टर आपल्या टोकांवर १३.६ देत होता, पण बारा अँपिअर जायला लागले की वाटेत जवळपास एक व्होल्ट गळायचा आणि बॅटरीला १२.७ मिळायचे. बॅटरी भरत आली की करंट कमी होतो, गळतीही कमी होते, म्हणून तीन-चार दिवस सलग प्लगवर राहिलं तर ती भरायची. आम्ही मात्र सहलीच्या आदल्या रात्री दहा तास लावायचो. पॅनेलवरचे बॅटरीची पातळी सांगणारे चार दिवे तेव्हा "पूर्ण" दाखवायचे, कारण ते पॅनेलपाशी मोजतात, बॅटरीपाशी नाही. प्लग लावलेला असताना ते कन्व्हर्टरचे व्होल्ट दाखवतात. त्या चार दिव्यांवर मी दोन वर्षं विसंबलो होतो.

आणि अर्धपोटी राहिलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं. दर सहलीला थोडं. दीड वर्षात जोडी मरते. पहिली जोडी अशीच गेली.

दुसरा बिघाड

तरीही एक प्रश्न उरत होता. फ्रीमाँटहून टायोगा खिंडीवरून जून लेक म्हणजे मोटरहोमला सहा-सात तासांचा रस्ता, खिंडीचा माथा ९,९४० फुटांच्या आसपास, कळसूबाईच्या पावणेदोन पटींहून उंच. एवढा वेळ अल्टरनेटर चालू. वाईट बोल्ट असला तरी सात तासांत बॅटरी बरीच भरायला हवी होती.

इंजिन चालू केलं. पुढच्या बॅटरीवर १४.२. मागे घराच्या बॅटरीवर १२.५, आणि आकडा हलायला तयार नाही. बॉनेटखालच्या सोलेनॉइडला चावी फिरवली की टक् आवाज व्हायचा. मी आणि आधीच्या मेकॅनिकने त्या आवाजावरच तो चांगला ठरवला होता. मामांनी त्याच्या दोन मोठ्या बोल्टांवर मीटर धरला. एकीकडे १४.२, दुसरीकडे १२.५. आत गुंडाळी ओढत होती, पण कॉन्टॅक्ट जळलेले.

हात लावला तर चटका बसेल इतका गरम. काढून गुंडाळीचा रोध मोजला : साडेतीन ओम. मामा लगेच म्हणाले, "हा सेल्फचा सोलेनॉइड आहे रे." स्टार्टरचा. दोन-चार सेकंदांसाठी बनवलेला. सतत चालायच्या सोलेनॉइडची गुंडाळी पंधरा ओमांच्या आसपास असते, ती एक अँपिअरही ओढत नाही. ही चार ओढते आणि तासन् तास तापते. दिसायला दोन्ही अगदी सारखे, तेच भोक, तेच बोल्ट, आणि स्टार्टरचा स्वस्त. कुणीतरी कधीतरी दुकानातून दिसायला तसाच आणून बसवला होता.

कन्व्हर्टरमधले उलट जोडणीपासून वाचवणारे दोन फ्यूजही पाहिले, कारण ते गेले तर प्लगवर सगळं चालतं पण बॅटरी चार्ज होत नाही, आणि लक्षणं जवळजवळ हीच दिसतात. ते शाबूत होते.

दुरुस्ती

चासीवर पुन्हा विसंबायचं नाही असं ठरवलं. बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट पॅनेलच्या ऋण पट्टीपर्यंत चौदा फुटांची स्वतंत्र जाड केबल टाकली. दुकानात मामा "पस्तीस स्क्वेअर एमएम" मागत होते आणि विक्रेता गोंधळला होता. इथलं माप गेजचं, आणि आकडा लहान तितकी वायर जाड. दोन नंबरचं गेज म्हणजे सुमारे ३३.६ चौरस मिलिमीटर, ते घेतलं. जुनी वायर सहा नंबरची, सव्वातेराच्या आसपास होती.

चासीचे जोडही सोडून दिले नाहीत, कारण इंजिनाच्या बाजूशी संबंध तिथूनच. दोन्ही ठिकाणी रंग आणि गंज पार चमकेपर्यंत काढला, कल्हईचे नवे लग, नवे दात्यांचे वॉशर, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस. ग्रीस आधी नाही, नंतर. धातूला धातू आधी भिडला पाहिजे. सतत चालणारा सोलेनॉइड बसवला. आणि एक गोष्ट जी बिघाडात नव्हती पण पाहून अंगावर काटा आला : घराच्या बॅटरीच्या धन टोकाला फ्यूजच नव्हता. ती वायर कुठे घासून चासीला लागली असती तर थांबवणारं काहीच नव्हतं, आणि शेजारीच गॅसची टाकी. टोकापासून आठ इंचांवर शंभर अँपिअरचा फ्यूज घातला.

सगळं मिळून दीडशे डॉलरच्या आत. दोन शनिवार-रविवार. कन्व्हर्टर तोच ठेवला. तो जुन्या पद्धतीचा, कायम १३.६ देणारा. नवे आधी १४.४ पर्यंत जातात आणि लवकर भरतात, हे खरं. पण जो चालतोय तो बदलायचं कारण मोजणीत दिसलं नाही. फक्त तो बॅटरीला सतत तसाच धरून ठेवतो आणि पाणी उडतं, म्हणून महिन्यातून एकदा डिस्टिल्ड वॉटर बघायचं.

तोच वीस अँपिअरचा लोड पुन्हा दिला. बॅटरीवर १२.४०, पॅनेलमध्ये १२.०७. ऋण बाजूला ०.०७, धन बाजूला ०.२६. पंपाचा आवाज इतका बदलला की बायको आतून विचारायला आली, नवीन बसवला का म्हणून.

शेवटी सगळं बंद करून मीटर बॅटरीच्या वायरीत सिरीजमध्ये लावला. काहीही चालू नसताना ०.४२ अँपिअर. गॅसची घंटा, फ्रीजचा बोर्ड, रेडिओची आठवण. हा बिघाड नाही, पण दिवसाला दहा अँपिअर-तास होतात. एरवी गाडी जिथे उभी असते तिथे प्लग नाही. अकरा दिवसांत अर्धी बॅटरी रिकामी. म्हणून आता गाडी ठेवताना मुख्य स्विच बंद करतो. गॅसची घंटाही त्याने बंद होते, म्हणून टाकीचा वॉल्व्ह आधी, स्विच नंतर.

पुन्हा जून लेक

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, टायोगा खिंड बंद व्हायच्या आधी, आम्ही तिथेच परत गेलो. मामा-मामीही होते. वाटेत ली व्हायनिंगला थांबलो तेव्हा घराच्या बॅटरीवर, इंजिन चालू असताना, १३.९ होते. रात्री बाहेर पाणी गोठलं. फर्नेस दर वीस-पंचवीस मिनिटांनी सुरू व्हायचा : आधी पंखा, मग टक-टक, मग ज्योतीचा तो भरदार हुंकार. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मामांनी अंधारात "हां" एवढंच म्हटलं आणि कूस बदलली.

सकाळी सहाला, कुणी दिवा लावायच्या आधी, मीटर लावला : १२.४३.

सगळ्या मोजणीचा कागद आता कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. तारीख, लोड, धन बाजूची गळती, ऋण बाजूची गळती, चार रकाने. मामा नोव्हेंबरात सांगलीला परतले. हॅलोजनचा दिवा इथेच ठेवून गेले, वायरींना गाठ मारून, बल्बवर जुना मोजा चढवून. एप्रिलमध्ये पहिल्या सहलीआधी मी तोच लोड दिला आणि गाडीखाली झोपून पुन्हा मोजलं. ऋण बाजूला ०.०८. कागदावर लिहिलं आणि फोटो काढून मामांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं : "बोल्ट एकदा हाताने बघ. नुसत्या मीटरवर जाऊ नकोस." पाना लावून पाहिला. हलला नाही.